अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षक व्हायचे असेल तर

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल (म्हणजे सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल) संघांचा मुख्य प्रशिक्षक सर्वांच्या नजरेसमोर असतो. खेळाडूच्या पहिल्या पावलाचा कोन सुधारणे, प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची फिल्म रात्री उशिरापर्यंत पाहणे आणि शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांशी बोलणे ही कामे मात्र सहायक प्रशिक्षकांकडे असतात. या नोकरीत शिरण्याचा ठरीव मार्ग नाही, शिरल्यावर टिकून राहण्याची खात्री नाही आणि बढतीचे वेळापत्रक तर मुळीच नाही. तरीही ज्यांची वाटचाल नीट झाली, त्यांच्या निर्णयांत एक समान सूत्र दिसते: पदाच्या नावापेक्षा आपण कोणाच्या हाताखाली आणि नेमके कोणते काम करतो, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. पुढील सूचना त्याच दृष्टीने दिल्या आहेत.

आधी रचना समजून घ्यावी

कॉलेज खेळांचा कारभार प्रामुख्याने एनसीएए ही संघटना पाहते. तिच्या पहिल्या विभागात फुटबॉलपुरते दोन स्तर आहेत. जॉर्जिया, अलाबामा, ओहायो स्टेट यांसारखी विद्यापीठे ज्यात खेळतात तो एफबीएस आणि त्याखालचा एफसीएस. एफबीएसमध्ये १३० हून अधिक संघ आहेत. त्यानंतर दुसरा विभाग येतो आणि मग तिसरा, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. याशिवाय एनएआयए ही स्वतंत्र संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजे आहेत. नवख्या माणसाचे लक्ष सहसा दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या संघांवरच असते. प्रत्यक्षात नोकऱ्यांची मोठी संख्या खालच्या स्तरांवर असते आणि तिथे एका माणसाला चार कामे शिकायला मिळतात.

संघाच्या प्रशिक्षक वर्गात मुख्य प्रशिक्षकाखाली आक्रमण, बचाव आणि स्पेशल टीम्स (चेंडू लाथाडण्याच्या चालींसाठीचे गट) यांचे कोऑर्डिनेटर, म्हणजे प्रमुख असतात, त्यांच्याखाली क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), ऑफेन्सिव्ह लाइन (आक्रमणाची पुढची फळी), लाइनबॅकर (बचावाची दुसरी फळी) अशा एकेका गटाचे पोझिशन कोच असतात आणि सर्वांत खाली ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे सगळे ज्यांना जीए म्हणतात ते, तसेच फिल्म व आकडेवारी तपासणारे अॅनालिस्ट व क्वालिटी कंट्रोलचे कर्मचारी असतात. एफबीएस संघांना २०१८ पर्यंत नऊ पूर्णवेळ सहायक ठेवता येत असत. त्या वर्षीच्या जानेवारीत दहाव्या सहायकाला परवानगी मिळाली. अॅनालिस्टला मैदानावर खेळाडूंना शिकवण्याची मात्र मुभा नव्हती. जून २०२४ मध्ये पहिल्या विभागाने ही अट काढून टाकली, त्यामुळे आता कोणताही कर्मचारी सरावात आणि सामन्यात तांत्रिक मार्गदर्शन करू शकतो. बाहेर जाऊन खेळाडूंची भरती करणाऱ्यांच्या संख्येवर मात्र अजूनही मर्यादा आहे. या बदलाचा नवख्यांना मोठा उपयोग आहे. पूर्वी अॅनालिस्ट म्हणून काढलेली वर्षे पडद्याआड जात, आता त्याच पदावरून शिकवण्याचा अनुभव दाखवता येतो. मुलाखतीच्या वेळी आपल्याला मैदानावर कोणता गट मिळणार, हे त्यामुळे स्पष्ट विचारून घ्यावे.

पहिली नोकरी

बहुतेक प्रशिक्षक स्वतः कॉलेजमध्ये खेळलेले असतात, पण मोठ्या संघाकडून खेळलेले असणे आवश्यक नाही. विद्यार्थी असतानाच संघाच्या कार्यालयात मदतनीस म्हणून काम मागणे हा सर्वांत सोपा प्रवेश आहे, कारण त्या वयात पगाराची अपेक्षा नसते आणि संघाला हातांची गरज नेहमीच असते. दुसरा मार्ग हायस्कूलचा. तिथे अध्यापन करत प्रशिक्षण देणारा माणूस वर्षभर स्वतंत्रपणे एक गट सांभाळतो, आणि ही जबाबदारी मोठ्या विद्यापीठातील मदतनिसाला अनेक वर्षे मिळत नाही. तिसरा मार्ग तिसऱ्या विभागातील किंवा ज्युनिअर कॉलेजमधील अर्धवेळ पदाचा. अशा ठिकाणी फुटबॉलबरोबर वसतिगृहाची देखरेख, व्यायामशाळा किंवा दुसऱ्या एखाद्या खेळाचा संघही सांभाळावा लागतो.

जीएचे पद हा मात्र आजही पूर्णवेळ नोकरीकडे जाणारा रुळलेला रस्ता आहे. त्यासाठी पदवी पूर्ण असावी लागते आणि त्याच विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा लागतो. मोबदला म्हणून शिक्षणशुल्क माफ होते व थोडे विद्यावेतन मिळते. हे पद साधारणपणे दोन वर्षांचे असते. अभ्यासक्रम निवडताना वर्गांच्या वेळा आधी पाहाव्यात, कारण दुपारी सराव असतो आणि सकाळी बैठका. शिक्षणशास्त्र किंवा क्रीडा व्यवस्थापनाची पदवी निवडण्याचा प्रघात आहे. तथापि पुढे प्रशिक्षण सोडावे लागल्यास ज्या पदवीवर नोकरी मिळेल ती निवडणे अधिक शहाणपणाचे, असे मला वाटते.

सार्वजनिक विद्यापीठांना जागा जाहीर करावी लागते, पण जाहिरात येईपर्यंत मुख्य प्रशिक्षकाच्या मनात एखादे नाव बहुधा पक्के झालेले असते. म्हणून जाहिरातीच्या आधीची ओळख महत्त्वाची. अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशन ही प्रशिक्षकांची संघटना दर जानेवारीत अधिवेशन भरवते आणि तिथे मुलाखतींपेक्षा हॉटेलच्या लॉबीतील गप्पांत अधिक नोकऱ्या ठरतात, असे प्रशिक्षक हसत हसत सांगतात. लॉबीत अनोळखी मुख्य प्रशिक्षकाच्या हातात कागद कोंबण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा वसंत ऋतूतील सराव पाहण्याची परवानगी मागावी, क्लिनिकमध्ये, म्हणजे प्रशिक्षकांच्या शिबिरात, ज्याचे व्याख्यान ऐकले त्या पोझिशन कोचला त्यातील एका मुद्द्यावर नेमका प्रश्न लिहून पाठवावा आणि उत्तर आले तर तो संवाद चालू ठेवावा. मुख्य प्रशिक्षक शेवटी आपल्या सहायकालाच विचारतो की तुझ्या ओळखीत कोणी कामाचा मुलगा आहे का. त्या क्षणी आपले नाव कोणाच्या तरी तोंडी असावे, एवढ्यासाठीच हा सारा पत्रव्यवहार करायचा असतो.

जीएच्या टेबलावरचे काम

सामन्यांच्या हंगामात आठवड्याची आखणी बहुतेक संघांत सारखीच असते. रविवारी आदल्या दिवशीच्या सामन्याची फिल्म पाहून प्रत्येक खेळाडूला गुण दिले जातात, मंगळवारच्या सरावात पहिल्या आणि दुसऱ्या डाउनच्या (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी प्रत्येक म्हणजे डाउन) चाली, बुधवारी तिसऱ्या डाउनच्या, गुरुवारी गोलरेषेजवळच्या, आणि शुक्रवारी हलकी उजळणी. या साखळीला लागणारा कच्चा माल जीए पुरवतो, आणि तोही सर्वांच्या आधी: रविवारी प्रशिक्षक पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळतात, तेव्हा त्या संघाच्या मागील काही सामन्यांची नोंद तयार असावी लागते.

ही नोंद कशी करतात ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. हडलसारख्या संगणक प्रणालीत प्रत्येक चालीसमोर डाउन, उरलेले यार्ड, मैदानावरील जागा, हॅश (मैदानावर लांबीने आखलेल्या दोन तुटक रेषांपैकी चेंडू कोणत्या रेषेपाशी आहे ते), खेळाडूंचा संच, रचना, मोशन (चालीआधीची खेळाडूची हालचाल), बचावाची आघाडी आणि कव्हरेज (पास अडवण्याची मांडणी) असे रकाने भरायचे असतात. संचासाठी दोन अंकांची पद्धत आहे. पहिला अंक रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन धावणारा), दुसरा टाइट एंडचा (वाट मोकळी करणारा आणि पास झेलणाराही). म्हणजे ११ लिहिले की एक रनिंग बॅक, एक टाइट एंड आणि उरलेले तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. नवखा माणूस चुकतो तो हॅशच्या रकान्यात. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशरेषांमध्ये ४० फुटांचे अंतर असते, तर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते साडेअठरा फूट असते. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू हॅशवर ठेवला की एका बाजूला प्रशस्त मैदान आणि दुसऱ्या बाजूला अरुंद पट्टा उरतो, आणि बचावाची मांडणी त्यानुसार पूर्ण बदलते. तिसरा डाउन, सहा यार्ड बाकी, चेंडू डाव्या हॅशवर, तीन रिसीव्हर मोकळ्या बाजूला, अशा वेळी अरुंद बाजूचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) पुढे सरकतो की मागेच थांबतो, हे कोऑर्डिनेटरला हवे असते. दहा चालींत हॅश उलटा लिहिला गेला, तर संगणक जो कल दाखवेल तो खोटा असेल आणि बुधवारचा सराव त्या खोट्या कलावर उभा राहील. जीएची विश्वासार्हता अशा रकान्यांत घडते.

दुसरे काम स्काउट कार्डांचे. सरावात दुय्यम खेळाडूंचा गट प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो आणि प्रत्येक चालीआधी जीए त्यांच्यासमोर एक कार्ड धरतो. त्या खेळाडूंना ते पाहायला काही सेकंदच मिळतात, म्हणून रेषा जाड मार्करच्या असाव्यात, प्रत्येकाचा मार्ग एकाच बाणाने दाखवावा आणि ज्याने काही वेगळे करायचे आहे त्याच्याभोवती रंगीत वर्तुळ असावे. वर डाव्या कोपऱ्यात चालीचा क्रमांक आणि हॅश लिहावा. कार्डे सरावाच्या क्रमाने लावून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावीत, कारण पाऊस आला तरी सराव थांबत नाही. कार्ड दाखवून गप्प बसणारा जीए आणि कार्ड दाखवता दाखवता त्या दुय्यम टॅकलला (फळीच्या टोकाच्या खेळाडूला) त्याच्या पावलाबद्दल एक वाक्य सांगणारा जीए यांतला फरक पलीकडे उभ्या असलेल्या कोऑर्डिनेटरला दिसतो. दुय्यम गटाचे खेळाडू हाच आपला पहिला वर्ग समजावा.

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास फिल्मवरूनच करायचा असतो. पुढे ज्याच्याशी सामना आहे त्या संघाच्या सामन्याला प्रत्यक्ष जाऊन टेहळणी करण्यास एनसीएएची मनाई आहे. वरिष्ठांनी सूचकपणे असे काही सुचवले तरी कनिष्ठाने ते करू नये, कारण चौकशीत नोंद कनिष्ठाच्याही नावावर होते आणि पुढचा मालक ती पाहतो.

शिकवता येणे

पोझिशन कोचची खरी परीक्षा शिकवण्यात होते आणि त्यासाठी वेळ फार थोडा असतो. हंगामात खेळाडूकडून आठवड्याला २० तास आणि दिवसाला चार तासांपेक्षा अधिक सक्तीचे काम घेता येत नाही, आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी लागते आणि बैठका व फिल्म पाहणे हेही त्या तासांतच मोजले जाते. वसंतातील सरावाची सत्रे पंधराच. परिणामी एकट्या आपल्या गटासाठी सरावात सलग दहा मिनिटे मिळाली तरी ती भरपूर समजावीत.

ही दहा मिनिटे आधी कागदावर आखावीत. ऑफेन्सिव्ह लाइनच्या दहा खेळाडूंना एका रांगेत उभे केले तर नऊ जण बघे होतात. पाच जोड्या केल्या तर प्रत्येकाला दर अर्ध्या मिनिटाला संधी मिळते. प्रशिक्षकाने पावले दिसतील अशा ठिकाणी, म्हणजे बाजूला आणि थोडे मागे उभे राहावे. सुधारणा चार-पाच शब्दांत सांगावी आणि लगेच पुन्हा करून घ्यावे. लांबलचक स्पष्टीकरण बैठकीसाठी राखून ठेवावे. बैठकीत एक बरोबर आणि एक चुकलेली चाल शेजारी शेजारी दाखवली की बहुतेक खेळाडूंना फरक स्वतःच कळतो. सरावातील ड्रिल सामन्यातील चालीशी थेट जोडलेली नसेल, तर ती कितीही आकर्षक दिसली तरी टाकून द्यावी. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या शिड्या आणि शंकूंच्या कसरती बघायला छान असतात, पण त्यांच्यापायी या दहा मिनिटांतली तीन जातात.

मुलाखतीतही हेच तपासले जाते. मुख्य प्रशिक्षक मार्कर हातात देतो आणि म्हणतो, तुमची इनसाइड झोन (फळीच्या मधून धावण्याची चाल) मला शिकवा. उमेदवार चटकन वर्तुळे काढू लागतो, पण ऐकणाऱ्याला नियम हवा असतो: गार्डसमोर (फळीच्या मध्याशेजारच्या खेळाडूसमोर) बचावपटू उभा असेल तर काय, नसेल तर काय, चेंडू हलण्याआधी आघाडी सरकली तर कोण कोणाला काय सांगतो. दोन-तीन चाली अशा नियमांसह, सर्वसाधारण चुका आणि त्यावरच्या ड्रिलसह मांडता याव्यात आणि त्या ड्रिलची स्वतः घेतलेली फिल्म सोबत असावी.

सुरुवातीला एका गटापुरते मर्यादित राहू नये. स्पेशल टीम्सचे काम बहुतेकांना नकोसे वाटते, पण त्यात आक्रमणाचे आणि बचावाचे दोन्हीकडचे खेळाडू हाताळावे लागतात, आणि लहान संघांत ते काम अंगावर घेणाऱ्याला लवकर मुख्य सरावाची वेळ मिळते.

भरती

खेळाडूंची भरती येत नसेल तर पहिल्या विभागात टिकता येत नाही. पहिल्या विभागात बाहेर जाऊन भरती करण्याआधी दरवर्षी नियमांची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, आणि संपर्काचा, मूल्यमापनाचा, शांततेचा (फक्त विद्यापीठातच भेटण्याचा) व पूर्ण बंदीचा असे काळ कॅलेंडरवर आखलेले असतात. फुटबॉलमध्ये हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षातील १ सप्टेंबरपासून प्रशिक्षकाला मुलाशी खासगी पत्रव्यवहार करता येतो. खेळाडूंनी करारावर सही करण्याचा मुख्य काळ पूर्वी फेब्रुवारीत असे. २०१७ पासून डिसेंबरचा आगाऊ काळ सुरू झाला आणि बहुतेक सह्या आता तेव्हाच उरकतात.

प्रत्येक सहायकाला एखादे राज्य किंवा शहरांचा पट्टा नेमून दिलेला असतो. तिथल्या हायस्कूलच्या प्रशिक्षकांशी संबंध हीच त्याची पुंजी, आणि ती नोकरी बदलली तरी बरोबर येते. ज्या शाळेत या वर्षी एकही योग्य खेळाडू नाही तिथेही जावे. ज्याला आपण घेणार नाही त्या मुलाबद्दल स्पष्ट नकार कळवावा. शाळेचे प्रशिक्षक नकार विसरतात, टोलवाटोलवी विसरत नाहीत.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आले, जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला, आणि ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने हाउस तडजोडीला (खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या दाव्यातील समझोत्याला) मान्यता दिल्यानंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती, आणि तडजोडीत सहभागी विद्यापीठांच्या फुटबॉल संघात १०५ खेळाडूंची मर्यादा लागू झाली. पैशांची बोलणी आता जनरल मॅनेजर नावाचा नवा अधिकारी करतो. पोझिशन कोचच्या वाट्याला दोन कामे उरली आहेत: दुसऱ्या विद्यापीठातून येऊ पाहणाऱ्या खेळाडूची फिल्म काही तासांत पाहून ठाम मत देणे, आणि आपल्या गटातील खेळाडू निघून जाणार नाही असे नाते ठेवणे. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि मोठ्या संघांत त्याचे मोल झपाट्याने वाढले आहे.

पुढची नोकरी घेताना

कर्बी स्मार्ट यांची वाटचाल या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. २००१ मध्ये ते दुसऱ्या विभागातील वॅल्डोस्टा स्टेटमध्ये बचावाचे कोऑर्डिनेटर होते. ते पद सोडून २००२ मध्ये ते फ्लोरिडा स्टेटमध्ये जीए झाले. कागदावर ही सरळ पदावनती होती. पण तिथे बचाव मिकी अँड्र्यूज यांच्याकडे होता, ज्यांना १९९६ मध्ये सर्वोत्तम सहायकासाठीचा पहिला ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला होता. पुढे एलएसयू (लुइझियाना स्टेट), जॉर्जिया, एनएफएलमधील मायामी डॉल्फिन्स आणि अलाबामा असा प्रवास करत स्मार्ट यांनी २००९ मध्ये तोच पुरस्कार मिळवला, आणि जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २०२१ व २०२२ या हंगामांची राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. केलेन डीबोर यांनीही असाच निर्णय घेतला: सू फॉल्समध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून एनएआयएची तीन विजेतेपदे मिळवल्यावर ते २०१० मध्ये सदर्न इलिनॉयमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून गेले, आणि चौदा वर्षांनी अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

वर जाणे हेच प्रत्येकाचे ध्येय असले पाहिजे असे नाही. बड फॉस्टर १९८७ मध्ये मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांच्याबरोबर व्हर्जिनिया टेकमध्ये आले आणि २०१९ चा हंगाम संपेपर्यंत तिथेच राहिले, त्यातली जवळपास पंचवीस वर्षे बचावाचे कोऑर्डिनेटर म्हणून. फिल पार्कर १९९९ पासून आयोवात आहेत. दोघांनाही ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला आहे. अशी स्थिरता मुख्य प्रशिक्षक स्थिर असेल तरच लाभते, म्हणून नवी नोकरी स्वीकारण्याआधी त्या मुख्य प्रशिक्षकाच्या कराराची किती वर्षे उरली आहेत आणि क्रीडा संचालक नवा आहे की जुना, हे पाहून घ्यावे. सार्वजनिक विद्यापीठांचे करार बहुधा माहिती मागून मिळतात.

करार आणि हकालपट्टी

वेतनातील तफावत प्रचंड आहे. सर्वांत मोठ्या संघांचे कोऑर्डिनेटर वर्षाला २० लाख डॉलरांहून अधिक कमावतात, तर लहान कॉलेजातील सहायकाला दुसरे काम जोडावे लागते. एके काळी एनसीएएने फुटबॉल सोडून इतर खेळांतील काही कनिष्ठ सहायकांचे उत्पन्न वर्षाला एकूण १६,००० डॉलरांवर गोठवले होते. तो नियम बेकायदा असल्याचा निकाल अपील न्यायालयाने १९९८ मध्ये दिला आणि पुढच्या वर्षी एनसीएएला सुमारे साडेपाच कोटी डॉलर देऊन तडजोड करावी लागली. त्यानंतर वेतन बाजारावर सोडले गेले, आणि बाजार कनिष्ठांवर नेहमीच दयाळू असतो असे नाही.

मोठ्या संघांत सहायकांना दोन-तीन वर्षांचे करार मिळतात, लहान ठिकाणी वर्षावर्षाने नूतनीकरण होते. करार वाचताना तीन कलमे नीट पाहावीत. मुख्य प्रशिक्षकाला काढल्यास आपला करार चालू राहतो की संपतो. आपण स्वतः सोडून गेल्यास किती रक्कम भरावी लागेल. आणि काढून टाकल्यावर नवी नोकरी मिळाली तर जुन्या विद्यापीठाकडून मिळणाऱ्या पैशांतून नवा पगार वजा होतो का. तिसऱ्या कलमात नवी नोकरी शोधण्याचे बंधनही दडलेले असू शकते. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून वाचून घेण्याचा खर्च जरूर करावा.

मुख्य प्रशिक्षकांना काढण्याचा मोसम नोव्हेंबरच्या शेवटी येतो, म्हणजे नव्या खेळाडूंच्या करारांवर सह्या होण्याच्या तोंडावर, आणि पाठोपाठ जानेवारीत पोर्टल उघडते. नवा मुख्य प्रशिक्षक आपली माणसे घेऊन येतो. जुन्यांपैकी एखाद-दुसऱ्याला ठेवतो, आणि ठेवतो तो बहुधा ज्याच्या शब्दावर खेळाडू थांबतील असा. म्हणून बातमी आल्यावर पहिला फोन आपल्या खेळाडूंना करावा, दुसरा ओळखीच्या कोऑर्डिनेटरांना. आपल्या ड्रिलची फिल्म, भरतीच्या नोंदी आणि शिकवण्याचे साहित्य यांची स्वतःची प्रत ठेवण्यास करारात मुभा आहे का, हे आधीच पाहिलेले असावे, कारण संगणकाचा प्रवेश त्याच दिवशी बंद होऊ शकतो. आरोग्यविमा कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावे. पुढे तोच विमा साधारणपणे १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो. नवी नोकरी मिळाली तरी पहिल्या हंगामात त्या गावात घर विकत घेण्याऐवजी भाड्याने राहावे.